कुणाचा कोण? शोधपत्रिकांच्या संपादकांना खुलं पत्र

प्रति,
मराठवाड्यातल्या शोधपत्रिकांचे संपादक, त्यांच्या सल्लागार मंडळांवरची मंडळी, आणि ज्यांच्या सहीशिवाय आमचं पान हलत नाही ते सगळे मार्गदर्शक

सप्रेम नमस्कार.

मे २०१९. नांदेडजवळच्या एका मंगल कार्यालयात मावसभावाच्या लेकीचं लग्न होतं. पंगतीत वाढपी बुंदी घेऊन फिरत होते. मी थोरल्या मामांच्या शेजारी बसलो होतो आणि समोरच्या ओळीत, नवरदेवाकडच्या पाहुण्यांत, एक सर जेवत होते. मामांनी मला कोपरानं ढोसलं. "ते बघ, पुस्तकं-बिस्तकं काढतेत म्हणं. तुझं ते बारवाचं सांगितलास का त्यांना?"

सांगितलं नव्हतं. लेख त्यांच्याच पत्रिकेकडं गेले १४ महिने पडून होता. दोन ईमेल, एक स्पीड पोस्ट, तीन फोन. फोनवर दर वेळी डीटीपी करणारा मुलगाच भेटायचा आणि "सर बाहेरगावी आहेत" म्हणायचा.

मामा हात धुऊन थेट त्यांच्यापुढं जाऊन उभे राहिले. "सर, हा आमचा भाचा. कॉलेजात शिकवतो. लई दिवस झाले म्हणं कायतरी पाठवून." सरांनी माझ्याकडं बघितलं, मनापासून हसले आणि म्हणाले, "अहो, मग आधी सांगायचं की! कुणाचा कोण, आम्हाला कसं कळणार?"

लेख महिन्याच्या आत छापून आला.

त्या सरांविषयी माझी तक्रार नाही. माणूस मायाळू आहे. पैसे मागितले नाहीत. पंचवार्षिक वर्गणीचा फॉर्म तेवढा पाठवला, तो ते सगळ्यांनाच पाठवतात. मला लिहायचंय ते त्यांच्या त्या वाक्याबद्दल. त्या दिवशी ते वाक्य मला अजिबात खटकलं नव्हतं. उलट परतताना गाडीत मी मामांना म्हटलं, तुमच्यामुळं काम झालं. मामा खूश, मी खूश.

आता लेखाविषयी. २०१६च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, आठवत असेल. त्या वर्षी जिंतूर-सेलू भागातल्या कितीतरी बारवा, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरी, तळापर्यंत उघड्या पडल्या. एरवी पाण्याखाली असणाऱ्या पायऱ्या मोजता आल्या. मी, माझा एक विद्यार्थी, एक टेप, एक वही आणि त्याच्या काकाची मोटारसायकल. दोन महिन्यांत १९ बारवा मोजल्या. काही ठिकाणी तळाच्या गाळात पोटरीपर्यंत पाय जायचा. देवकोष्ठात, म्हणजे भिंतीतल्या देवाच्या कोनाड्यात, कुठं शेंदूर फासलेली झिजकी मूर्ती, कुठं देशीच्या रिकाम्या बाटल्या. एका गावात आम्ही खाली टेप धरून वाकलेले बघून काठावरनं एक म्हातारी ओरडली, "धन घावलं का रं?" आम्ही नाही म्हटलं. तिचा विश्वास बसला नसावा, कारण आम्ही वर येईपर्यंत ती तिथंच बसून होती.

तर अंक हातात आला. आधी स्वतःचं नाव बघितलं, मग तक्ते. तक्ता क्रमांक २, सहावी ओळ. त्या बारवेला ३४ पायऱ्या आहेत. माझ्या हातून ४३ लिहिलं गेलं होतं. चूक माझी, शंभर टक्के माझी. पण शेजारच्या रकान्यात त्याच बारवेची खोली दिली होती, साधारण सव्वादहा मीटर. आणि खाली मजकुरात मीच लिहिलं होतं की हिच्या पायऱ्या फूटभर उंच आहेत, चढताना गुडघे बोलतात. फूटभराच्या ३४ पायऱ्या सव्वादहा मीटरात नीट बसतात. ४३ बसत नाहीत. हे कळायला इतिहासाचा तज्ज्ञ लागत नाही, पाढे येणारं पोर पुरे. पत्रिकेच्या मुखपृष्ठावर मात्र "तज्ज्ञ-परीक्षित" असं ठळक छापलेलं होतं.

पुढं तीन वर्षांनी एका संशोधकाचा लेख वाचनात आला. त्यात माझ्या लेखाचा हवाला देऊन म्हटलं होतं की या परिसरातली ही ४३ पायऱ्यांची बारव पाहता यादवकाळातही तिथली पाणीपातळी फार खोल असली पाहिजे. तिथून दुष्काळाचा इतिहास, तिथून जलव्यवस्थापन. माझ्या बोटाच्या एका चुकीवर त्यानं अख्खा सिद्धान्त उभा केला होता. तोही लेख तज्ज्ञ-परीक्षित.

ओळखीमुळं कुणाचं नुकसान होतं, असं विचारलं की आपण ज्याची ओळख नाही त्याच्याकडं बोट दाखवतो. ते खरंच आहे. पण माझंही नुकसान झालं आणि ते कुणी मोजत नाही. माझा लेख कुणी वाचला नाही. आधी १४ महिने ओळख नव्हती म्हणून, आणि मग ओळख निघाली म्हणून.

तुमच्यातले काही जण म्हणतील, हे सगळीकडंच चालतं. चालतं, आणि त्याचे पुरावेही आहेत. क्रिस्टीन वेनेरोस आणि अग्नेस वोल्ड या दोघींनी १९९७ साली 'नेचर'मध्ये स्वीडनच्या वैद्यक संशोधन परिषदेचा हिशेब मांडला. १९९५ साली तिथं संशोधनवृत्तीसाठी ११४ अर्ज आले, २० जणांना मिळाली. परीक्षकांनी कुणाला किती गुण दिले हे गुप्त होतं. या दोघी न्यायालयात गेल्या आणि कागद मिळवले. बायकांना पुरुषांइतके गुण मिळवायला अडीच पट काम दाखवावं लागत होतं, हे त्यातून निघालं आणि ते गाजलं. दुसरी गोष्ट आपल्याकडं कमी सांगितली जाते. ज्याची समितीतल्या कुणाशी ओळख, त्याला जास्त गुण. आता नियम असा होता की आपल्या माणसाच्या अर्जाला त्या सदस्यानं गुण द्यायचे नाहीत. तो देतही नव्हता. बाकीचेच त्याच्या वतीनं हात सैल सोडत होते.

आपल्याकडं "मी त्या बैठकीत बसलोच नव्हतो" असं छातीवर हात ठेवून सांगणारे जे सर आहेत, त्यांनी हे जरूर वाचावं. तुम्ही बाहेर व्हरांड्यात चहा पीत उभे असता, आणि आत सगळ्यांना माहीत असतं की तुम्ही बाहेर का उभे आहात.

दुसरा दाखला अलीकडचा, २०२२चा. अर्थशास्त्रातला एकच लेख शेकडो परीक्षकांकडं गेला. लेखक दोन: नोबेल मिळालेले व्हर्नन स्मिथ आणि कारकीर्दीच्या सुरुवातीला असलेले सबिऊ इनुआ. काही परीक्षकांना फक्त स्मिथ यांचं नाव दिसलं, काहींना फक्त इनुआ यांचं, काहींना कुणाचंच नाही. स्मिथ यांचं नाव दिसलं तेव्हा २३ टक्के परीक्षक म्हणाले, नाकारा. नाव नव्हतं तेव्हा ४८ टक्के. इनुआ यांचं नाव दिसलं तेव्हा ६५ टक्के. लेखातला काना-मात्रा तोच.

आपल्याकडं नोबेलवाले नाहीत. आपल्याकडं आडनाव आहे. आडनावावरून जिल्हा, जिल्ह्यावरून जात, जातीवरून गट, आणि गटावरून हा कुणाच्या हाताखाली पीएच.डी. झाला असेल याचा अंदाज. पाकीट फोडण्याआधी एवढं सगळं वाचून होतं, मग आतलं वाचायची गरज उरत नाही. नामांतराची चळवळ ज्या भूमीनं बघितली तिथं हे लिहावं लागतं.

आणि यात नुसती माया नाही, गणितही आहे. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीसाठी सामाजिक शास्त्रं नि भाषांमधल्या एका शोधलेखाला १० गुण आहेत. एकट्यानं लिहिला तर दहा. दोघांची नावं असली तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे सात आणि सात. बेरीज करा. एकट्यानं लिहिलेला लेख दहाचा, त्यावर कुणाचं तरी नाव चढवलं की तोच चौदाचा. असा बाजार सरकारनंच मांडल्यावर "को-ऑथर" म्हणून मेहुण्याचं नाव आलं तर नवल कसलं? मी तुझं घालतो, तू माझं घाल. चार लेखांत दोघांचंही भागतं, आणि दोघांपैकी एकानंही लिहिलेलं नसलं तरी चालतं.

माझी एक विद्यार्थिनी होती. गाव धारूर तालुक्यातलं, आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे. तिनं मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी नेणाऱ्या ठेकेदाराच्या, वहीवर लेख लिहिला. उचल, म्हणजे आगाऊ दिलेली रक्कम, कशी मांडतात, खाडा कसा कापतात, वर्ष संपलं तरी बाकी कशी उरते. घरातल्याच वहीची पानं तिनं समोर ठेवली होती. मी वीस वर्षं शिकवतोय, विद्यार्थ्याच्या हातचं एवढं कसदार फार थोडं वाचलंय. पत्रिकेकडून दोन ओळींचं उत्तर आलं: मार्गदर्शकांचे नाव जोडून पाठवावे.

ती माझ्याकडं आली. "सर, कुणाचं घालू?" मी म्हटलं, माझं घाल. हे लिहिताना लाज वाटतेय, पण त्या वेळी वाटली नव्हती. अर्थात मी तासिकेवरचा माणूस, माझ्या नावाला वजन ते काय. हे तिलाही ठाऊक होतं. शेवटी विभागप्रमुखांचं नाव गेलं, तेही पहिलं. लेख छापून आला. पुढं एका चर्चासत्रात सरांना कुणी तरी विचारलं, "कोयता म्हणजे एक मजूर धरायचा की दोन?" सर म्हणाले, एक. ती मागच्या ओळीत बसली होती. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो, हे ऊसतोडीच्या टोळीतलं शेंबडं पोरही सांगतं. ती काही बोलली नाही. आता बीडला राहून स्पर्धा परीक्षा देते.

तुम्ही म्हणाल, मग काय ओळखीच तोडायच्या? मराठवाडा केवढा, विद्यापीठं किती, मराठीत इतिहास लिहिणारे किती! नाव झाकलं तरी विषयावरून माणूस ओळखू येतो. बारवा म्हटलं की हा, मुंतखब, म्हणजे निजामी दप्तरातले इनामाचे कागद, म्हटलं की तो. मान्य. आणि शब्द टाकणं हे मुळातच पाप आहे असंही मी म्हणत नाही. भौतिकशास्त्रज्ञ सत्येंद्रनाथ बोस १९२४ साली ढाक्याला होते. इंग्लंडमधल्या एका नियतकालिकाकडून त्यांच्या लेखाचं काही जमलं नाही, तेव्हा त्यांनी तो सरळ आइन्स्टाइनना पाठवला. मी आपल्याला सर्वस्वी अनोळखी आहे, असं पत्रातच कळवून टाकलं. आइन्स्टाइननी स्वतः जर्मन भाषांतर केलं आणि स्वतःच्या शिफारशीनं तिकडच्या नियतकालिकात छापून आणलं. हा वशिलाच की! फक्त आइन्स्टाइननी आधी लेख वाचला होता, आणि लेखक कुणाचा कोण हे त्यांना शेवटपर्यंत विचारावंसं वाटलं नाही.

लांब कशाला जायचं? गंगाधर पानतावणे सरांनी त्या वेळच्या औरंगाबादेतून 'अस्मितादर्श' हे दलित साहित्याचं नियतकालिक चालवलं. ज्यांच्या घरात आधी कुणी लिहिलेलं नव्हतं अशी किती तरी माणसं तिथं पहिल्यांदा छापली गेली. सरांशी त्यांची ओळख झाली ती लिहिल्यामुळं झाली. आपण तो क्रम उलटा केलाय, घोडं तिथंच पेंड खातंय.

हे सगळं आजच का लिहितोय, तेही सांगतो. आजवर आपल्याला दिल्लीकडं बोट दाखवायची सोय होती. यूजीसीनं २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली. तीत इतका कचरा निघाला की मे २०१८मध्ये ४,३०५ नावं काढून टाकावी लागली. त्याच वर्षी भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं की विद्यापीठांनी शिफारस केलेल्यांपैकी जी १,००९ नियतकालिकं तपासली त्यांतली फक्त ११२ निकषांना उतरली. शिफारस कुणी केली होती? विद्यापीठांनी. म्हणजे आपणच. मग यूजीसीचीच 'केअर' नावाची नवी यादी आली. फेब्रुवारी २०२५मध्ये तीही बंद झाली. आता नियतकालिक चांगलं की वाईट हे ज्यानं त्यानं, ज्या त्या संस्थेनं ठरवायचं. यूजीसी नुसते सूचक निकष देणार. पीएच.डी.साठी आधी लेख छापलाच पाहिजे, ही सक्ती २०२२च्या नियमावलीत गेली, पण बढतीच्या फायलींची भूक तशीच आहे. यादीचा तेवढा धाक होता, तोही गेला. ठरवणारी समिती आपल्याच कॉलेजातली, आपल्याच मामा-भाच्यांची.

म्हणून मागणं आहे, आणि ते फार नाही. प्रत्येक लेखाखाली तीन तारखा छापा: कधी आला, कधी दुरुस्त होऊन आला, कधी स्वीकारला. माझ्या लेखाखाली त्या असत्या तर १४ महिने आणि एक महिना हे दोन्ही लोकांना दिसलं असतं. नाकारायचं तर नाकारा, पण चार ओळींत कारण लिहून, तीन महिन्यांच्या आत. परीक्षक शेजारच्या जिल्ह्यातला नको, धारवाड, गोवा, नागपूर, कुठलाही लांबचा बघा. ईमेलला तिकीट लागत नाही. लेखक जर मंडळावरच्या कुणाचा विद्यार्थी किंवा नातलग असेल तर तसं लेखाखाली एका ओळीत छापून टाका. छापायला संकोच वाटला तर तो लेख का घेतला, याचं उत्तर त्या संकोचातच सापडेल. (कृतिदेव फॉन्टचा आग्रहही सोडा आता, हे जाता जाता. तुमच्या रूपांतरात माझी देवकोष्ठं 'देवकोष्टं' झाली.)

आणि एकदा आपापल्या पत्रिकेचे गेल्या पाच वर्षांचे अंक काढून बसा. सगळ्यात जास्त लेख कुणाचे आहेत ते मोजा. जीववैद्यकातल्या ५,४६८ नियतकालिकांचा असा हिशेब २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात नियतकालिकातल्या सर्वाधिक छापल्या जाणाऱ्या एका लेखकाचा वाटा सर्वसाधारणपणे २.९ टक्के निघाला. जिथं तो १०.६ टक्क्यांच्या वर होता, तिथं संशोधकांच्या भुवया वर गेल्या, आणि असे लेखक बऱ्याचदा संपादक मंडळावरच बसलेले निघाले. तुमचा आकडा मला कळवू नका. स्वतःला कळला तरी पुरे.

आता एक खाजगी काम. माझ्या त्या लेखाची चूक-दुरुस्ती छापावी म्हणून मी दोनदा कळवलं. एकदा उत्तर आलं नाही. दुसऱ्यांदा सर फोनवर आपुलकीनं म्हणाले, "कशाला उगाच? लेख छान झालाय, कुणाच्या लक्षात येतंय?" मामांना सांगितलं असतं तर पुढच्या अंकात नक्की आली असती. मामा अजून खणखणीत आहेत आणि त्या घरची दुसरी सोयरीकही जुळतेय म्हणे. पण यंदा मी पत्र पोस्टानं टाकलंय, नोंदणी नि पोचपावतीसह. मजकूर एवढाच आहे:

"आपल्या जून २०१९च्या अंकातील माझ्या लेखात, तक्ता क्रमांक २, ओळ ६ मध्ये पायऱ्यांची संख्या ४३ अशी छापली आहे. ती ३४ अशी वाचावी. चूक लेखकाची आहे."

आपला,
परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात तासिकेवर इतिहास शिकवणारा